मखमलाबाद परिसरात घर घ्यायचे आहे: जुने रो-हाऊस की बांधकाम चालू असलेला फ्लॅट?

गोविंदनगरवासी

नमस्कार. आम्ही दोघे, तिसरीतली मुलगी आणि सत्तरीकडे झुकलेले माझे आईवडील असे आमचे कुटुंब आहे. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, पत्नी पंचवटीतील एका शाळेत शिकवते आणि सध्या आम्ही गोविंदनगरमध्ये भाड्याने राहतो. गंगापूर रोडचे भाव आवाक्याबाहेर गेल्यामुळे नाशिकच्याच मखमलाबाद परिसरात दोन घरे पाहून ठेवली आहेत.

पहिले घर म्हणजे मखमलाबाद गावाच्या अलीकडील एका लहान कॉलनीतले जुने रो-हाऊस. कॉलनीत मोजकीच घरे असून कुंपणाला लागूनच द्राक्षबाग आहे. मालक 44 लाख रुपये मागत आहेत. वरची एक खोली त्यांनी नंतर बांधून घेतलेली आहे. दुसरे घर म्हणजे मखमलाबाद नाक्याच्या बाजूला बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. त्याची किंमत 43 लाख असून पार्किंग, विकास शुल्क वगैरे त्यावर वेगळे लागेल, असे सांगण्यात आले आहे.

आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला जमिनीलगतचे घर हवे आहे, तर पत्नीचा कल नव्या फ्लॅटकडे आहे. या भागात प्रत्यक्ष राहणे कसे आहे आणि व्यवहारापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मळ्याशेजारी

आम्ही याच भागात बरीच वर्षे राहत आहोत, त्यामुळे कागदपत्रांचे इतरांवर सोपवून राहण्याविषयी लिहितो.

द्राक्षबागेशेजारचे घर उन्हाळ्यात पाहिले की हिरवेगार आणि थंड वाटते, परंतु ऑक्टोबरच्या छाटणीनंतर बागेत औषधांच्या फवारण्या सुरू होतात आणि पाऊस किंवा धुके पडले की त्या आणखी वाढतात. ट्रॅक्टरवरचा ब्लोअर पहाटेच चालू होतो, औषधाचा उग्र वास खिडक्या लावल्या तरी आत येतो आणि वाळत घातलेले कपडे घाईघाईने काढावे लागतात. आपल्या वडिलांना दम्याचा त्रास असेल तर हे गांभीर्याने घ्यावे. शेतकऱ्याशी भांडून उपयोग नाही, कारण बाग आधीची आहे आणि आपण नंतर आलो आहोत. फवारणीची वेळ आदल्या दिवशी कळवा एवढे गोडीने सांगितले तर बहुतेक जण कळवतात. शिवाय ती बागही कायम राहील असे नाही. आज ना उद्या तेथे प्लॉट पडतील, हे गृहीत धरूनच घर घ्यावे.

पाण्याची चौकशी मालकाकडे करू नये, शेजारच्या दोन-तीन घरांतील गृहिणींकडे करावी. महापालिकेचे गंगापूर धरणाचे पाणी येथे येते, पण वाहिनीच्या टोकाला असलेल्या कॉलन्यांत दाब कमी असतो आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याची खरी परीक्षा होते. जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, बोअर आहे का आणि ते उन्हाळ्यात टिकते का, हे विचारावे. गंगापूरचा डावा कालवा याच पट्ट्यातून जातो. आवर्तन सुटले असताना, म्हणजे कालव्यात पाणी सोडलेले असताना, बोअरला भरपूर पाणी दिसते, म्हणून कालवा कोरडा असताना पंप चालू करून पाहावा.

येण्याजाण्याचे म्हणाल तर पत्नीची शाळा जवळ पडेल, आपल्याला मात्र सातपूरला जाताना रोज गोदावरी ओलांडावी लागेल. पुराचे पाणी नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गळ्याशी आले की काठावरचे रस्ते आणि रामसेतूसारखे खालचे पूल बंद होतात व सगळी वाहने उरलेल्या मोठ्या पुलांवर येतात. 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या (मुख्य स्नानाच्या) दिवशी पंचवटीकडे काय होईल, याची कल्पना 2015 चा बंदोबस्त पाहिलेल्या कोणालाही आहे. सिटीलिंकची (शहर बससेवेची) बस आपल्या वेळेला आहे का, ते थांब्यावर उभे राहूनच पाहावे.

बिबट्याविषयी कोणी तरी लिहिणारच, म्हणून मीच लिहितो. तो अधूनमधून दिसतो, हे खरे आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना मळ्याच्या बाजूला एकटे सोडत नाहीत. बाकी आयुष्य नेहमीसारखे चालते.

दस्त आणि दाखले

माझे काम दस्तनोंदणीशी संबंधित असल्यामुळे आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग घेतो. अशा लहान कॉलनीत लोक घराची कागदपत्रे काळजीपूर्वक पाहतात, पण कॉलनीची कागदपत्रे पाहतच नाहीत, आणि पुढचा त्रास बहुधा तेथूनच निघतो.

रो-हाऊसच्या बाबतीत आधी मंजूर लेआउटची (प्लॉट आणि रस्त्यांच्या आखणीची) प्रत आणि बिनशेती आदेश (शेतजमीन इतर कामासाठी वापरण्याची परवानगी) मागावा. त्या लेआउटमध्ये आतला रस्ता किती रुंद दाखवला आहे, खुली जागा कोठे आहे आणि मुख्य म्हणजे आतला रस्ता बाहेरच्या कोणत्या रस्त्याला मिळतो, हे पाहावे. तो विकास आराखड्यातील रस्ता आहे की एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावरून गेलेली शिवारवाट आहे, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. त्यासाठी महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. शेजारच्या मोकळ्या जमिनीवर काही आरक्षण असेल तर तेही त्यातच दिसते.

त्यानंतर सातबारा पाहावा. ऑनलाइन मिळतो म्हणून केवळ मालकाचे नाव पाहून तो बंद करू नये. उजवीकडच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बँकेचा बोजा, न्यायालयीन दावा किंवा वारसांचे हक्क यांच्या नोंदी असतात. शहरालगतच्या जमिनींत बहिणींची हक्कसोड झालेली नसणे आणि मूळ व्यवहार केवळ मुखत्यारपत्रावर झालेला असणे, या दोन गोष्टी मला वारंवार दिसतात. जमीन भोगवटादार वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही. प्लॉट गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्यांनी पाडून विकलेला, असेल तर 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाखाली तो नियमित झाल्याचे प्रमाणपत्र मागावे; त्याशिवाय बँका सहसा कर्ज देत नाहीत. वकिलांकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागील व्यवहारांचा शोध अहवाल) घ्यावा आणि स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्यावी.

फ्लॅटच्या बाबतीत महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी, पूर्णत्वाची तारीख आणि दाखल दावे पाहता येतात. मात्र भूखंड 500 चौरस मीटरपर्यंतचा असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील तर रेरा नोंदणी बंधनकारक नसते, आणि उपनगरांतल्या छोट्या इमारतींपैकी पुष्कळशा त्याच मापात बसवलेल्या असतात. नोंदणी असेल तर नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी विकासक 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या 43 लाखांचा हिशेब. नाशिकमध्ये 90 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि 45 लाखांपर्यंत एकूण आकारणी असलेल्या, बांधकाम चालू असलेल्या घरावर 1 टक्का जीएसटी लागतो, त्यावर गेल्यास 5 टक्के. ही 45 लाखांची मर्यादा पार्किंग आणि विकास शुल्क धरून मोजतात. म्हणजे वरखर्च अडीच लाख निघाला आणि आकडा साडेपंचेचाळीस लाख झाला, तर कर पंचेचाळीस हजारांच्या आसपास न राहता सव्वादोन लाखांच्या पुढे जातो. सगळे आकडे आधी लेखी घ्यावेत. जुन्या रो-हाऊसच्या पुनर्विक्रीवर जीएसटी नाही. घर एकट्या पत्नीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. पतीचे नाव सोबत लावले की ती मिळत नाही.

गिलावा

मी स्थापत्य अभियंता आहे आणि आपल्या आईंचे गुडघे लक्षात घेऊनही माझे मत फ्लॅटच्या बाजूने आहे, अर्थात लिफ्ट आणि जनित्र यांचा करारनाम्यात स्पष्ट उल्लेख असेल तर. रो-हाऊसमध्ये दोन घरांची भिंत सामाईक असते. एका मालकाने वर खोली चढवली की जुन्या गच्चीचा आणि नव्या भिंतीचा सांधा तयार होतो, तेथील पाणी वाहून जाण्याच्या वाटा नीट काढलेल्या नसतात आणि ओल शेजारच्या शयनगृहात उतरते. मग दुरुस्ती कोणी करायची, यावर दोन्ही घरे वर्षानुवर्षे बोलत नाहीत. आपण पाहिलेल्या घराच्या वरच्या खोलीत जाऊन सामाईक भिंतीच्या तळाशी हात फिरवावा. गिलावा भुसभुशीत लागला किंवा तेवढ्याच पट्ट्याला ताजा रंग दिसला, तर समजून जावे. रेरा नोंदणीकृत फ्लॅटला ताबा दिल्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष विकासकाने विनामूल्य दूर करून द्यायचे असतात. जुन्या घराला तसे कोणी बांधील नाही.

मळ्याशेजारी

गिलावा यांचे म्हणणे भिंतीपुरते मान्य आहे. परंतु घरात वृद्ध माणसे असताना दारासमोर बसायला ओटा असणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी दोन शब्द बोलता येणे, याचे मोल तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्यावर कळते.

गोविंदनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. काल रो-हाऊसच्या मालकांकडून कागदपत्रांच्या प्रती आणल्या. बिनशेती आदेश आणि मंजूर लेआउट दोन्ही आहेत व बाहेरचा रस्ता विकास आराखड्यातला आहे, परंतु कॉलनीच्या आतल्या रस्त्याच्या सातबाऱ्यावर अजून मूळ जमीनमालकाचेच नाव आहे. वरची खोली मंजूर नकाशात नाही. एवढ्यावरून हे घर सोडून द्यावे का?

दस्त आणि दाखले

रस्त्यासाठी सोडू नये. लेआउटमधील रस्ते महापालिकेकडे रीतसर हस्तांतरित झाले नाहीत की सातबाऱ्यावर जुनेच नाव राहते, आणि असे नाशिकच्या अनेक कॉलन्यांत दिसते. मंजूर लेआउटमध्ये तो रस्ता म्हणून दाखवलेला असेल आणि आपल्या खरेदीखतात त्यावरून जाण्या-येण्याचा हक्क स्पष्ट लिहिला असेल, तर वहिवाट सुरक्षित आहे. अडचण आहे ती डांबरीकरणाची आणि ड्रेनेजची, कारण हस्तांतर न झालेल्या रस्त्यावर महापालिकेकडून काम करून घेणे जिकिरीचे जाते. सध्या सांडपाणी महापालिकेच्या वाहिनीला जोडलेले आहे की शोषखड्ड्यात जाते, ते विचारून घ्यावे.

वरच्या खोलीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. बँकेचा मूल्यांकनकार ती खोली मूल्यात धरणार नाही, त्यामुळे कर्जाची रक्कम कमी होईल आणि फरक आपल्याला स्वतःच्या पैशांतून भरावा लागेल. शिवाय महापालिकेची नोटीस आली तर ती नव्या मालकाच्या नावे येईल. म्हणून मालकांना दोन पर्याय द्यावेत: वाढीव बांधकाम त्यांच्या खर्चाने नियमित करून द्यावे, किंवा ती खोली नाहीच असे समजून किंमत ठरवावी. जे ठरेल ते इसार पावतीत मुदतीसह लिहून घ्यावे, मुदतीत पूर्तता झाली नाही तर इसाराची रक्कम परत मिळेल अशी अट घालावी, आणि गिलावा यांनी सांगितलेली भिंत तपासून होईपर्यंत एक रुपयाही देऊ नये.