अकाउंट्सवाल्यांनी एनजीओत जावं का? ठाणे-नवी मुंबईत कोणी काम करतंय का?

ऐरोलीकर:
नमस्कार, मी महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, एम.कॉम. झालंय. आमच्या सीएसआरचं, म्हणजे कंपनी सामाजिक कामासाठी संस्थांना पैसे देते त्याचं, पेमेंट माझ्याच टेबलवरून जातं आणि संस्थांची युटिलायझेशन सर्टिफिकेट्स (पैसे कशावर खर्च झाले त्याचे दाखले) तपासता तपासता हल्ली सारखं वाटतं की आपण पलीकडे बसून हे काम करावं. पण एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) नाही, घराचा ईएमआय चालू आहे आणि आई म्हणते समाजसेवा रविवारी कर. घेतात का अशा लोकांना? पगाराचं खरं खरं सांगा प्लीज.

कळवा_खाडी:
ताई बिनधास्त अर्ज करा. एमएसडब्ल्यू फील्डवरच्या, समुपदेशनाच्या पोस्टला बघतात, ते शिकायला मुलं देवनारच्या टिस इन्स्टिट्यूटला नाहीतर निर्मला निकेतन कॉलेजला जातात. अकाउंट्सला चांगली माणसं मिळता मिळत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं नफ्याच्या २ टक्क्यांचं सीएसआर आलं तेव्हापासून प्रत्येक कंपनीला रिपोर्ट तिच्याच फॉरमॅटमध्ये हवा असतो, एकाच माणसाचा पगार तीन ग्रँटमध्ये वाटून टॅली सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, शिवाय परदेशी पैसा असेल तर एफसीआरएचं (परदेशी देणगीचा कायदा) बँक खातं आणि हिशोबाची पुस्तकं पूर्ण वेगळी. तुम्ही हे देणाऱ्याच्या बाजूने बघितलंय, ते फार कामाला येतं. पगार मात्र कमी होतो, छोट्या संस्थेत तर चांगलाच.

नेरूळ_पूर्व:
वरचं बरोबर आहे पण एक गोष्ट आधी विचारच, पगार कुठल्या पैशातून येणार. २०२० मध्ये एफसीआरए बदलला, परदेशी देणगीतून प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा तो २० वर आणला. शाळेतल्या शिक्षकाचा, दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार त्यात धरत नाहीत, हिशोब ठेवणाऱ्याचा धरतात. म्हणजे कात्री लागली की आधी आपल्याच पोस्टला. माझ्या आधीच्या संस्थेत ग्रँट संपली आणि अर्ध्या ऑफिसचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूच झालं नाही, लोकांना महिनाभर आधी कळलं. ईएमआय आहे ना, मग ग्रँट कधीपर्यंत आहे, पीएफ कापतात का, हे मुलाखतीत सरळ विचार, लाजू नकोस. आणि वेबसाइटवर मागच्या वर्षाचा ऑडिटेड हिशोब बघ, तुला तो वाचता येतो हीच तुझी ताकद आहे.

खारघर_से१२:
राजीनामा आत्ताच नको. ३० सप्टेंबरच्या ऑडिटआधी सगळ्या संस्थांची धावपळ असते, तेव्हा दोन-चार शनिवार मदतीला जा. आमच्याकडे खारघरला ‘युवा’ या संस्थेचं सेंटर आहे, ठाण्यात मानसिक आरोग्यावर काम करणारी आयपीएच आहे, विचारून बघ. कोण कसं काम करतं ते व्हाउचरच्या फायलीतच कळतं, मीटिंगमध्ये सगळे छानच बोलतात.

ऐरोलीकर:
खूप आभार सगळ्यांचे, पगार कुठून येतो हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. ठाण्यातल्या एका संस्थेत ओळख आहे, शनिवारी जाऊन विचारते. परदेशी देणगीचं वार्षिक रिटर्न, एफसी-४, मी कधी भरलेलं नाही, कोणी बसून दाखवेल का? ऐरोली, रबाळे, ठाणे कुठेही येईन.