मॅटसन खटला : लिंकनने हे वकीलपत्र घ्यायला नको होतं

दप्तरदार :
लिंकनवर मराठीत बरंच लिहिलं जातं, पण ऑक्टोबर १८४७ चं हे प्रकरण सहसा वगळलं जातं. थोडक्यात असं : केंटकीच्या रॉबर्ट मॅटसनची इलिनॉयमधल्या कोल्स काउंटीत शेती होती. इलिनॉयमध्ये गुलामी बेकायदा, म्हणून हा गडी हंगामापुरते गुलाम आणायचा आणि मुक्काम लांबायच्या आत परत धाडायचा. १८४५ मध्ये आणलेली जेन ब्रायंट आणि तिची मुलं मात्र दोन वर्षं तिथेच राहिली. जेनचा नवरा अँथनी स्वतंत्र, शेतीवर मुकादम. मॅटसनच्या घरची कारभारीण मुलाबाळांना दक्षिणेत विकायच्या धमक्या देऊ लागली, तेव्हा कुटुंब अ‍ॅशमोर आणि डॉ. रदरफर्ड या तिथल्या गुलामीविरोधी लोकांच्या आसऱ्याला गेलं. मॅटसनने जेनला आणि मुलांना पळालेले गुलाम म्हणून चार्ल्सटनच्या तुरुंगात टाकवलं, आसरा देणाऱ्यांवर दावाही ठोकला. सुटकेसाठी हेबियस कॉर्पसचा (बेकायदा कैदेतून सोडवण्याचा) अर्ज झाला. मॅटसनचे वकील कोण? उशर लिंडर आणि अब्राहम लिंकन!

१८३७ मध्ये राज्याच्या विधानसभेत ७७ विरुद्ध ६ मतांनी गुलामीविरोधी चळवळीचा निषेध झाला, तेव्हा डॅन स्टोनबरोबर 'गुलामी अन्यायावर उभी आहे' असा लेखी विरोध नोंदवणारा हाच माणूस.

फिरतीवरचा :
तेव्हाची वकिली कशी चालायची ते बघा. न्यायाधीश आणि वकील गावोगाव फिरायचे, स्थानिक वकील त्यांना ऐनवेळी जोडीला घ्यायचा. लिंडरने विचारलं, लिंकनने शब्द दिला. रदरफर्ड आपली बाजू घ्या म्हणून त्यानंतर आले. शब्द दिल्यावर फिरणारा वकील कुणाला हवा असतो? आणि १८४१ चा बेली विरुद्ध क्रॉमवेल खटला विसरू नका. तिथे इलिनॉयमध्ये माणूस स्वतंत्रच गृहीत धरला पाहिजे हे लिंकननेच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मान्य करून घेतलं.

दप्तरदार :
तिथे अशील कोण होता? जिची विक्री झाली ती नॅन्स नव्हे, तिला विकत घेणारा बेली. वचनचिठ्ठीचे पैसे बुडवायचे होते, आणि माणूस विकताच येत नसेल तर चिठ्ठी रद्द, असा तो युक्तिवाद. नॅन्सचं स्वातंत्र्य त्या ओघात सिद्ध झालं.

कलम-पोटकलम :
म्हणजे दोन्हीकडे तो दारात येईल त्याचं काम करत होता. त्याचे पाच हजारांवर खटले आहेत, त्यात कर्जवसुलीचाच भरणा. त्यातून तत्त्वज्ञान कशाला काढायचं? आपल्याकडेही बार कौन्सिलचा नियम आहे, वकिलाने योग्य फीवर आलेलं काम साधारणपणे नाकारू नये.

दप्तरदार :
तो नियम अमेरिकन वकिलाला लागू नव्हता. नको म्हणायची पूर्ण मुभा होती. शिवाय तोवर तो काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आलेला होता, अशिलाअभावी चूल बंद पडत नव्हती.

सावलीतला :
काहींच्या मते लिंकनने खटला मुद्दाम ढिला लढवला. पटतं मला. मॅटसनने त्यांना कायमचं आणलं असेल तर ते स्वतंत्र, हे त्याने सरळ कबूल केलं.

कलम-पोटकलम :
ती कबुली नव्हे, मुद्दा आवळणं होतं. १८४३ च्या विलर्ड निकालाने गुलाम घेऊन इलिनॉयमधून *जाणाऱ्या* मालकाचा हक्क मानला होता. त्याच्या जवळ जायचं तर मुक्काम तात्पुरता ठरवायला हवा. मॅटसन दर वेळी साक्षीदारासमोर 'हे हंगामापुरतेच' असं बोलून ठेवायचा, लिंकनने त्याच्यावर भिस्त ठेवली. याहून मजबूत बाजू त्या फाइलमध्ये नव्हतीच. पण तोंडी जाहीरनामा एकीकडे आणि दोन वर्षांचा मुक्काम दुसरीकडे. न्यायाधीश विल्सन आणि ट्रीट यांनी मुक्काम मोजला, जेन आणि मुलं सुटली.

फिरतीवरचा :
नंतर त्याने रदरफर्डना 'आता मोकळा होऊ शकतो' असा निरोप पाठवला होता, हेही लिहा की.

दप्तरदार :
लिहितो, पण ते रदरफर्ड यांनी फार वर्षांनी सांगितलेलं आहे, तेव्हा लिंकन दंतकथा झाला होता. आणि खरं धरलं तरी रदरफर्डनी नकार दिल्यावर तो मॅटसनसाठी उभा राहिलाच ना? ब्रायंट कुटुंब पुढे लायबेरियाला गेलं.