जुनी पिकअप घेताना आधी चासी पाहावी, इंजिन नंतर

मळेवाट (धागाकर्ते)

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंत भागात जुन्या पिकअपची खरेदी-विक्री जोर धरते, आणि "इंजिन चोख आहे" एवढ्या एका वाक्यावर पाच-पाच लाखांचे व्यवहार उरकले जातात. माझे मत असे आहे की इंजिनाला घेणारा नको इतके महत्त्व देतो आणि जिच्यावर गाडीचे आयुष्य खरोखर ठरते त्या चासीखाली (गाडीच्या लोखंडी सांगाड्याखाली) मात्र कोणी वाकून पाहत नाही.

इंजिनाच्या खर्चाला एक वरची हद्द असते. पिस्टन, रिंग, लायनर, बेअरिंग आणि हेडचे काम धरून आमच्या तालुक्यात साधारण ८० हजार ते सव्वा लाखात इंजिन पुन्हा उभे राहते. चासीला तडा गेला तर वेल्डिंग होते, पण तापवलेल्या भागाच्या कडेचे लोखंड कमजोर पडल्याने पुढचा तडा बऱ्याचदा त्याच्या शेजारीच जातो. चासी किंचित जरी वाकली तरी मागचा अ‍ॅक्सल सरळ बसत नाही, टायर एका बाजूने झिजतात आणि मागच्या चाकांना जोर पोहोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट पुन्हा पुन्हा जातात. हा खर्च दर वर्षी थोडा थोडा होत असल्यामुळे त्याची बेरीज कोणी करत नाही.

चासी खराब होण्याचे मुख्य कारण म्हणजे जादा भार. १.७ टन क्षमतेच्या बोलेरो पिकअपचे उदाहरण घ्या. टोमॅटोचा भरलेला क्रेट रिकाम्या क्रेटच्या वजनासह २२ किलो धरला तर ७७ क्रेटवर क्षमता संपते. हंगामात १२० क्रेट भरलेली गाडी कोणाच्या नजरेला खटकत नाही, पण तिच्यावर २,६४० किलो, म्हणजे क्षमतेच्या दीडपटीहून अधिक वजन असते. अशा गाडीने चार-पाच हंगाम घाट चढ-उतार केले असतील तर त्याची खूण मागच्या पाट्यांवर, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, सापडते. पाट्यांची कमान सपाट झालेली असते, किंवा मूळ संचात एक-दोन पाटे वाढवलेले असतात. जादा पाटा दिसला की मी पाटा चासीला जिथे अडकवलेला असतो त्या हँगरजवळ आणि केबिनच्या मागे चासीवर चिंध्या आणि डिझेल घेऊन बसतो. वरची माती आणि ताजा काळा रंग निघाला की केसासारखी बारीक रेघ उघडी पडते. मूळ रिव्हेटच्या जागी नट-बोल्ट दिसले तर तिथे कधीतरी काम झालेले आहे हे नक्की समजावे.

पाना-पकड

मी गॅरेज चालवतो आणि आपल्या मताशी मला पूर्ण असहमती नोंदवायची आहे. इंजिनाच्या खर्चाला हद्द असते हे जुन्या, साध्या पंपाच्या डिझेल इंजिनाबद्दल खरे होते. आज बाजारात येणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पिकअपमध्ये कॉमन रेल (एकाच उच्च दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, डिझेल पुरवणारी रचना) आहे, आणि तिथे एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो. इंजेक्टर गळू लागला की सिलिंडरमध्ये डिझेल टपकत राहते आणि पिस्टनचा माथा जळतो. हाय प्रेशर पंप आतून झिजला तर लोखंडाचा कीस रेल आणि चारही इंजेक्टरमध्ये पोहोचतो, मग टाकीपासून सगळे साफ करून बहुतेक भाग बदलावे लागतात, आणि आपण सांगितलेला सव्वा लाख तिथे पुरत नाही.

म्हणून घेणाऱ्याने गाडी थंड असताना जावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी पाहण्यात अर्थ नाही. इंजिन चालू करून ऑइल भरण्याचे झाकण सैल करावे; तिथून धूर धक्क्याधक्क्याने येत असेल तर रिंगा गेल्या आहेत, ज्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. त्यानंतर चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडून काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे. ज्या बाटलीत डिझेल इतरांपेक्षा ठळकपणे जास्त जमते तो इंजेक्टर झिजलेला असतो. या तपासणीला फारसा खर्च येत नाही, तरीही विकणारा तिला नकार देतो तेव्हा गाडी सोडून द्यावी.

चासीचे म्हणाल तर योग्य कारागिराने तडा वेळेत धरला, त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवला आणि वर पट्टी नीट बसवली, तर अशा गाड्या पुढे कितीतरी वर्षे भाडी मारताना मी पाहिल्या आहेत.

हिशेबवही

आपण दोघेही जुनी गाडी घ्यायचीच हे गृहीत धरून बोलत आहात, म्हणून मी आकडे मांडतो. नवी पिकअप सर्व धरून १० लाखांना पडली आणि ८ लाखांचे कर्ज ११ टक्क्यांनी ४ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २०,७०० रुपये येतो. जुनी ५ लाखांना घेतली, ४ लाखांचे कर्ज १६ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता सुमारे १४,०५० रुपये. जुन्या गाडीला व्याजदर जास्त लागतो हे लोक विसरतात. दोन हप्त्यांतील फरक महिन्याला सुमारे ६,६०० रुपये, म्हणजे वर्षाला ८० हजारांच्या आत. चार टायर, क्लच प्लेटचा संच आणि पाट्यांचे काम एकाच वर्षात निघाले की हा फरक संपला, आणि इंजिन उघडावे लागले तर जुनी गाडी नव्यापेक्षा महाग पडली.

विम्यातही अपेक्षेइतकी बचत नाही. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता गाडीच्या वयावर नव्हे तर एकूण वजनावर ठरतो. २०२२ च्या दरांनुसार ७,५०० किलोपर्यंतच्या सार्वजनिक मालवाहू गाडीला तो १६,०४९ रुपये होता, गाडी नवी असो वा जुनी. शिवाय आठ वर्षांनंतर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दर वर्षी करावे लागते, तो खर्च आणि त्या दिवसाचे बुडालेले भाडे वेगळे.

जुन्नरचा बागाईतदार

हिशेबवही यांचा हिशेब बारा महिने भाडे मारणाऱ्याला लागू आहे. आमच्यासारख्यांची गाडी हंगामात धावते आणि उरलेले वर्ष खत, चारा आणि औषधाच्या फवारणीचे सामान आणण्यापुरती निघते. २०,७०० चा हप्ता मात्र भाव दोन रुपये किलो झाला तरी भरावा लागतो. ज्या वर्षी टोमॅटो बांधावर फेकावा लागतो त्या वर्षी फायनान्स कंपनीची माणसे दारात आणणारी नवी गाडी मला नको. रोख घेतलेली जुनी गाडी बिघडली तर ती उभी राहते, पण माझ्या जमिनीवर बोजा चढत नाही.

दुसरे असे की प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांनुसार बनलेल्या नव्या डिझेल गाड्यांत काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून सलग वेगात धावावी लागते. मळा ते मार्केट एवढ्याच खेपा करणाऱ्याला तो फिल्टर चोंदण्याचा त्रास जास्त होतो, आणि चुकीचे ऑइल घातले तर लवकर होतो. तालुक्याच्या गॅरेजला हे काम अजून पूर्ण हातात आलेले नाही.

मळेवाट

बागाईतदार यांच्याशी मी सहमत आहे आणि म्हणूनच चासीचा आग्रह धरतो, कारण रोखीने घेतलेल्या गाडीमागे दुसरा आधार नसतो. जादा भाराला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार दंड आहे, तरीही भार कमी झालेला नाही, त्यामुळे बाजारातील बहुतेक गाड्या दबलेल्या मिळणार हे मान्य करूनच निवड करावी लागते. पाना-पकड यांना माझा एकच प्रश्न आहे : कोणता तडा दुरुस्त करून घ्यावा आणि कोणता पाहून परत यावे?

पाना-पकड

चासीच्या आडव्या मेंबरला (आडव्या पट्टीला) किंवा हौदा (माल भरण्याचा भाग) बसवलेल्या ब्रॅकेटला गेलेला तडा दुरुस्त होतो, त्यासाठी किंमत घासाघीस करून खाली आणावी. चासीच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या मुख्य पट्टीच्या खालच्या कडेला, विशेषतः मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरपाशी तडा असेल आणि तिथे आधीच एक पट्टी मारलेली असेल, तर ती गाडी निम्म्या किमतीतही घेऊ नये. शंका राहिली तर चासीच्या दोन्ही कर्णांची लांबी टेपने मोजावी. दोन्ही मापे जुळली नाहीत तर चासी तिरकी झाली आहे, आणि तिला सरळ करण्याचे साधन आपल्याकडच्या बहुतेक गॅरेजमध्ये नाही, माझ्याकडेही नाही.