अख्ख्या डोक्याला शेक की नेमका गाठींवर?

आडगावचा:
काल इथे एकाने लिहिलं, "कॅन्सर मेंदूत पसरल्यावर अख्ख्या डोक्याला शेक (रेडिएशन) देणं हा मागासलेपणा, गामा नाईफ (नेमका गाठींवरच शेक देणारं मशीन) नसेल त्या हॉस्पिटलची पायरी चढू नका." वाचून रात्री डोळा लागला नाही. आईला फुप्फुसाचा कॅन्सर होता, मेंदूत पसरलेला, एमआरआयमध्ये सतरा गाठी मोजल्या आणि पुढे डॉक्टरांनी मोजायचं सोडलं. अख्ख्या डोक्याला शेक, दहा दिवस, रोज ३ ग्रे (शेकाचं माप). जाळीचा मास्क आवळताना माझं बोट सोडायची नाही. पण ओकाऱ्या थांबल्या, महिन्याभराने चुलीपुढे बसून तिने भाकरी थापली. पाच महिने मिळाले आम्हाला. सतरा गाठींवर नेम कुठे कुठे धरणार होता?

सडेतोड:
बाबांना दोनच गाठी होत्या हो, मोठी जेमतेम दोन सेंटीमीटर. तरी पूर्ण डोक्याला दिली, दुसरीकडे पाठवलंही नाही. चार महिन्यांत नातवाला ओळखेनात, गॅस चालू ठेवून बाहेर पडायचे. २०१६ ची ट्रायल वाचा, १ ते ३ गाठींचे २१३ पेशंट. तीन महिन्यांनी बुद्धी घसरली ती नुसत्या नेमक्या शेकात ६३.५ टक्क्यांची, वरून पूर्ण मेंदूचा शेक दिला त्यांच्यात ९१.७. आयुष्य वाढलंच नाही. आणि फुप्फुसवाल्यांची ब्रिटनची क्वार्ट्झ ट्रायल, ५३८ पेशंट, पूर्ण डोक्याचा शेक घेतलेले साधारण ९.२ आठवडे जगले, न घेतलेले ८.५.

लिनॅकवाली:
मी रोज लिनॅकवर, म्हणजे शेक द्यायच्या नेहमीच्या मशीनवर, पेशंट घेते म्हणून बोलते. क्वार्ट्झमधले सगळे असे की ज्यांना ऑपरेशन किंवा नेमका शेक जमणारच नव्हता, बरेचसे आधीच खचलेले, ते आकडे सगळ्यांना लावू नका. आणि गामा नाईफच पाहिजे असंही नाही, नेमका शेक चांगल्या लिनॅकवरही होतो. जपानमध्ये नुसता नेमका शेक दिलेले ११९४ पेशंट बघितले, ५ ते १० गाठीवाले २ ते ४ वाल्यांइतकेच जगले, १०.८ महिने. म्हणजे चारच्या वर गेलं की पूर्ण डोकं, हे चालणार नाही. फक्त नेमका घेतला तर मेंदूत दुसरीकडे नवीन गाठ उगवते, दोन-तीन महिन्यांनी एमआरआय चुकवायचा नाही.

सडेतोड:
तेच! हे बाबांना आधी कोणी सांगितलंच नाही. आडगावचा, तुम्ही आईला सांगितलं होतं का, विसरायला होईल म्हणून?

आडगावचा:
नाही. डोक्यातली सूज उतरवायचा शेक आहे म्हटलं. कॅन्सर शब्दच काढला नाही घरात.

सडेतोड:
मग तिच्या डोक्याचा निर्णय तुम्ही परस्पर घेतलात. ही फसवणूक आहे, स्पष्ट सांगतो.

परभणीकर:
अहो तोंड सांभाळा. आमच्या मावशीला सांगितलं तर तिने त्या दिवसापासून ताटाला हात लावला नाही. शहरात बसून सोपं असतं बोलायला.

सडेतोड:
बाबा शाळामास्तर होते परभणीकर, खेड्यातच. विचारलं असतं तर म्हणाले असते, दोन महिने कमी द्या पण पोरांची नावं राहू द्या. त्यांना विचारलं नाही म्हणून मी अजून भांडतोय.

लिनॅकवाली:
पेशंटला बहुतेक वेळा कळलेलं असतं. मास्क लावताना मला हळूच विचारतात, "पोराला सांगू नका, पण हे तेच ना?"

आडगावचा:
दोन गाठींना पूर्ण डोकं नको होतं, मान्य. सतराला अजूनही मी तेच करीन. पण ताई, तुम्ही हे लिहिलंत आणि आठवलं, नवव्या दिवशी आईने बोट सोडलं होतं, म्हणाली तू बाहेर थांब, मला या मशीनवालीशी बोलायचंय.