पापड विकले तर आजींचं श्रावणबाळ बंद होईल का?

नमस्कार. नागपुरात महालमध्ये आमची छोटी संस्था आहे. अडचणीतल्या घरांतल्या बायका आणि म्हातारी माणसं आमच्याकडे मुगवड्या, पापड, कुरडया करतात. त्यातल्या सहा आजींना श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे राज्य सरकारच्या वृद्धांसाठीच्या निवृत्तिवेतनाचे, महिन्याला १५०० रुपये मिळतात. योजनेची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० आणि एकेकीला उन्हाळ्यातच आठ-नऊ हजार सुटतात. म्हणून आता त्या मजुरी घ्यायलाच घाबरतात!

सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर दोनदा विचारलं. एकदा उत्तर ‘चालते’, एकदा ‘बंद होईल’. लेखी काहीच नाही. सगळ्या पासष्टीच्या वरच्या, बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) यादीत नाव नाही, खातं आधारला जोडलेलं. पैसे सुनेच्या नावावर दाखवा, असले सल्ले कृपया नकोत.

अशी हंगामी मजुरी उत्पन्नाच्या दाखल्यात धरतात का, आणि धरत असतील तर कोणत्या शासन निर्णयानुसार?