रोजच्या चहाला यीशिंगची कोणती किटली? माझं मत फांगगूला

मृद्गंध:
चीनच्या च्यांगसू प्रांतातल्या यीशिंगची पहिली मातीची किटली घ्यायची म्हटलं की बहुतेक जण शी-श हा आकार सुचवतात. गोल, गुबगुबीत, आखूड तोटीची. नाव एका प्राचीन लावण्यवतीचं, आणि दिसतेही देखणी. पण रोजच्या वापराला ती नको, असं माझं ठाम मत आहे. त्येग्वानयिन या चिनी चहाच्या वळलेल्या पानांच्या गोळ्या, त्याच पानांवर तिसऱ्यांदा पाणी घालेपर्यंत फुलून किटली गच्च भरते. मग तो चोथा लहानशा तोंडातून बोट घालून उकरत बसा! फांगगू आकाराची किटली बसकी, रुंद तोंडाची. उलटी धरून बुडाला एक थाप मारली की चोथा बाहेर. नुसत्या गरम पाण्याने विसळायची (साबण अजिबात नको, माती वास धरते) आणि झाकण काढून ठेवायची. आतून लवकर सुकते.

कपबशी:
मला नाही पटलं. चोथा दिवसातून एकदा काढायचा, ओतायचं मात्र सात-आठ वेळा. शी-शचा कान उलटा, म्हणजे वर बारीक आणि खाली रुंद. चिमटीत धरून तर्जनी झाकणाच्या गुंडीवर टेकवली की मनगट न वळवता धार पडते. रुंद तोंडातून वाफ जाते, पाणी निवतं, त्याचं काय? आणि चोथा गच्च होतो तो पानं जास्त घातल्यामुळे. १२० मिलीला ५-६ ग्रॅम पुरे.

दुपारचा घोट:
श-प्याओ आकाराचं नाव कुणीच कसं घेत नाही? तिरक्या भिंती, रुंद बूड, खाली तीन बुटके पाय, सरळ तोटी. वूयी डोंगरातल्या चहाच्या लांब पानांना पसरायला जागा मिळते. बुडाच्या कडेला पान चिकटतं, हे खरं. पण घेताना आकाराआधी तोटीच्या मुळाशी आतून बघा. एकच भोक असेल तर एक पान आडवं आलं की धार तुटते.

मृद्गंध:
भोकाचं मान्य, ग्रॅमचंही. वाफेचं नाही. दक्षिण चीनमधल्या छाओचौकडे झाकण लावल्यावर किटलीवरूनही उकळतं पाणी ओततात, तसं केलं की ऊब टिकते. आणि आमच्याकडे किटली आई धुते. तिच्या बोटांना संधिवात आहे, उकरणं तिला जमत नाही.

कपबशी:
मग आईंसाठी फांगगूच. फक्त झाकणाची गुंडी मोठी बघून घ्या. लहान गुंडी ओल्या बोटांतून सटकते.