सागरी महामार्ग पाटातून न्यावा की गावाबाहेरून?

गडगा (दांडिया बाजार)
रेवस–रेड्डी सागरी महामार्ग रुंद करताना गुहागर-केळशीतली चार जुनी घरे गेली तर बिघडले कुठे, भरपाई मिळतेच, असे काल इथे, आपल्या बडोदेकरांच्या चर्चेत, एकांनी लिहिले. ते वाचून राहवले नाही. गुहागरचा वरचा पाट आणि खालचा पाट म्हणजे एका रस्त्याच्या दुतर्फा वसलेले गाव. पुढे घर, मागे नारळी-पोफळीचे आगर. तिथे रस्ता वाढवला की पहिली जाते ती पडवी, मग ओटी. माझ्या आजोळच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, मोजणीवाल्यांनी लाल फुली मारली आहे, अगदी बेड्याला (फाटकाला) लागून. बडोद्यात महामार्ग शहराच्या पूर्वेकडून नेला, जुन्या शहरातल्या मांडवी दरवाजाखालून नाही. कोकणाला तेवढाही मान नको का?

खाडीपल्याड
ते मीच लिहिले होते. आपण दिवाळीत आठ दिवस जाता. माझे आईवडील दाभोळला बारा महिने राहतात. बाबांच्या छातीत कळ आली ती रात्री, फेरीबोट बंद झाल्यावर. खाडीपलीकडे समोर धोपाव्याचे दिवे दिसत होते आणि आम्हाला गुहागरला जायला चिपळूणवरून वळसा घालावा लागला. बाबा वाचले, पण ती रात्र आईच्या मनातून गेलेली नाही. मला पूल हवा, रस्ता हवा.

मकरपुरा
पुलाचे नाव घेताना ९ जुलै २०२५ आठवा. आपल्या बडोद्याजवळच्या पादरा तालुक्यातला, मही नदीवरचा गंभीरा पूल कोसळला. १९८५ साली सुरू झालेला, म्हणजे चाळीस वर्षांचा. माझा मेव्हणा रोज त्यावरून आणंदकडे जात असे; त्या सकाळी तो उशिरा निघाला, एवढेच. आधी आहेत ते पूल तपासा.

खाडीपल्याड
म्हणजे पूल पडतात म्हणून बांधूच नयेत? महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, त्यात एसटीच्या दोन गाड्या वाहून गेल्या. पुढच्याच वर्षी तिथे नवा पूल उभा राहिला. मनात आणले की होते.

मकरपुरा
बांधूच नयेत असे मी कुठे लिहिले? माझे वाक्य वाकडे करू नका. माणसे गेल्यावर वर्षात पूल होतो, मग ती जाण्याआधी त्याची तपासणी का होत नाही, हा माझा प्रश्न आहे आणि त्याला आपण उत्तर दिलेले नाही.

गडगा
वडिलांच्या त्या रात्रीपुढे मला बोलता येत नाही. दाभोळच्या खाडीवर पूल व्हावा, हे मान्य. परंतु त्या पुलासाठी पाटातली घरे पाडावी लागत नाहीत. खाडी ओलांडल्यावर रस्ता सड्यावरून, म्हणजे गावावरच्या कातळपठारावरून न्यावा आणि गावात उतरायला फाटा काढावा.

खाडीपल्याड
सड्यावरून नेणार असतील तर माझी हरकत नाही. घरांबद्दल मी घाईने लिहिले, तेवढे मागे घेतो. मात्र सड्यावरच्या आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावे आहेत, त्यातली निम्मी मुंबईत, चार इथे बडोद्यात. त्यांच्या सह्या गोळा करायला आपण माझ्याबरोबर येणार असाल, तर या रविवारीच बसू.